पहिली फेरी

१४ सप्टेंबर, रविवार

आज पेपरात इंद्रजीतचा फोटो आला. आतल्या पानावर का होईना, पण चांगला मोठा. "गंगापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा शिकवतो विमान उडवायला." मधे तो, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. एका बाजूला पुंजाराम भावजी, दुसऱ्या बाजूला द्वारका. डोक्यावर पदर आणि चेहरा असा, जणू विमान पोराला हिनंच शिकवलं. खाली लिहिलंय, आईच्या कष्टांचं चीज झालं.

कसले कष्ट? पाचवीत त्याला आमच्याकडे आणून सोडलं ते बारावी होईपर्यंत. डबा मी केला. कावीळ झाली तेव्हा उशाशी मी बसले. शाळेत पालकांना बोलावलं की मी जायची आणि बाईंची बोलणी मी खायची. द्वारका महिन्यातून एकदा एसटीनं यायची, शेंगदाण्याचे लाडू घेऊन, आणि हे पोरगं मला सोडून तिच्याकडे धावायचं. बातमीत कुठंही काकूचं नाव नाही. मोठ्या जावेला पेपरात कोण विचारतो!

ह्यांना दाखवलं. हे कंपनीत जायच्या गडबडीत होते, शेंद्र्याला रविवारीसुद्धा पाळी असते. म्हणाले, "पेपरवाल्याला काय माहीत आपल्या घरातलं?" मी म्हटलं, "पेपरवाल्याला माहीत नसेल, सांगणारीला होतं ना?" ह्यांनी डबा उचलला आणि निघाले. वाद नको असला की बद्रीनाथरावांना नेमकी कंपनीची बस आठवते.

श्रेया म्हणाली, "आई, तू जळतेस." पोटच्या पोरीनं असं बोलावं! मी जळत बिळत नाही. जे खरं आहे ते छापावं, एवढंच माझं म्हणणं आहे. म्हणून कंपनीची ही कोरी डायरी काढली. निदान इथं तरी खरं लिहीन.

२० सप्टेंबर, शनिवार

इंद्रजीत येऊन गेला. न कळवता, नेहमीसारखा. दारातूनच, "मोठी आई, भूक!" मी पिठलं टाकलं आणि भाकरी थापायला बसले. त्याला विचारलं, मुलांना शिकवतोस म्हणजे नक्की काय करतोस रे? तर जेवणाच्या खुर्चीत बसून दाखवायलाच लागला. उलथनं धरलं, म्हणे हे हँडल. ताट, वाटी, पेला, म्हणे हे सगळे काटे. एकेका गोष्टीचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्या त्या जागी हात लावायचा. "आणि इथं खाली, दोन सीटच्या मधे, पेट्रोलचा कॉक. आपल्या स्कूटरसारखाच."

आमची ती जुनी स्कूटर! हे स्कूटर बाहेर काढायचे आणि कॉक उघडायचं काम इंद्रजीतचं. तो विसरला की स्कूटर गल्लीच्या टोकापर्यंत ऐटीत जायची आणि तिथं मान टाकायची. मग काका-पुतणे ढकलत परत, शाळेला उशीर, कंपनीला उशीर. म्हणून रोज सकाळी मी दारातून ओरडायची, "कॉक उघडला का रे?" शेजारच्या बायका मला त्यावरून चिडवायच्या.

त्याचं ते हात लावणं निम्म्यावर आलं होतं, तेवढ्यात मी तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकली. "फुगलीय तोवर खा." त्यानं कपाळाला हात लावला. "मोठी आई, झालं का! आता परत पहिल्यापासून. मधे कोणी थांबवलं की पहिल्यापासून म्हणायचं असतं." मी म्हटलं, तुझे नियम तुझ्या पोरांना सांग, माझ्या घरात भाकरी गरम खायची. खाल्ली मुकाट्यानं. ते पहिल्यापासून म्हणायचं राहूनच गेलं.

मग त्यानं खरी बातमी सांगितली. दसऱ्याला त्यांच्या फ्लाइंग स्कूलमध्ये विमानांची पूजा असते आणि पूजेनंतर घरच्या माणसांना एकेक फेरी. विमान लहान, चालवणारा आणि शेजारी एकच माणूस. मी विचारलं, "पहिली फेरी कोणाची?"

सहावीत असेल तो. आम्ही गच्चीवर पापड वाळत घालत होतो आणि चिकलठाण्याकडे विमान उतरत होतं. म्हणाला होता, मोठी आई, मी चालवीन तेव्हा पहिली तुला बसवीन. मी त्याला आज त्याची आठवण करून दिली नाही. ती त्याला आपणहून यायला हवी.

"बघू ना," म्हणाला.

बघू म्हणजे काय?

२५ सप्टेंबर, गुरुवार

द्वारकेचा फोन. "अक्का, दसऱ्याला कोणती साडी नेसू? मला काय समजतंय त्यातलं. तुमी सांगा." मी म्हटलं, "लग्नातली जरीची नेस. मोठी मोठी माणसं असतील तिथं." त्या उघड्या माळावर, ऑक्टोबरच्या उन्हात, जरीची! ती म्हणाली, "बरं झालं इचारलं." फोन ठेवल्यावर मला जरा बरं वाटलं. मग जरा वाईटही वाटलं, पण कमी.

२८ सप्टेंबर, रविवार

शेवटी आज फोन करून सरळ विचारलं. इंद्रजीत म्हणाला, "मोठी आई, आईला पहिली बसवतो. ती घाबरते गं. दुसरे जाऊन येताना बघत बसली तर नंतर बसणारच नाही. तू धीट आहेस. तू दुसरी."

धीट आहे म्हणून दुसरी. भित्री असते तर पहिली असते. आयुष्यभर माझं हेच झालं. द्वारकेचं लग्न झालं तेव्हा ती लहान म्हणून शेतातलं काम मला, आणि मी शहरात आले तेव्हा मी खमकी म्हणून पोरगं माझ्याकडे. आता पोरगं शिकून मोठं झालं, तर ते तिचं.

मी "बरं" म्हटलं. आवाजात काही दाखवलं नाही. श्रेया समोरच बसली होती, म्हणाली, "भांडं जरा हळू ठेव."

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्याची तयारी. चांदीचं निरांजन घासून ठेवलं. फुलवाती, कुंकू, अक्षता, आपट्याची पानं. ह्यांनी विचारलं, तिथं त्यांचं तबक असेल ना? असेल. त्या तबकानं द्वारका ओवाळेल. मी माझ्या तबकानं ओवाळणार आहे. ह्याच निरांजनानं मी त्याला दहावीच्या परीक्षेला पाठवलंय.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. निघतोय. बाकीचं आल्यावर लिहीन.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तेरावं होऊन आम्ही गंगापूरहून परत आलो.

सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं, कसं झालं, काय झालं. मला कोणी विचारलं नाही. मी चुलती. म्हणून इथं लिहिते.

मांडव छान घातला होता. विमानाच्या पंख्याला हळदकुंकू, नाकावर झेंडूची माळ. तीन विमानं, इंद्रजीतचं मधलं. पूजा सुरू व्हायच्या आधी तो आत वाकला आणि त्यानं खाली काहीतरी फिरवलं. मला म्हणाला, "दिवे, उदबत्त्या आहेत म्हणून पेट्रोलचा कॉक बंद केला. एरवी कधी करत नाही. आता करा काय पूजा करायची ती." मी म्हटलं, शहाणा आहेस.

द्वारका जरीच्या साडीत घामानं थबथबली होती. स्कूलच्या माणसानं विचारलं, "सरांच्या आई कोण? या पुढं." ती गेली. दोन पावलं जाऊन मागं वळली, "अक्का, या ना." मी पिशवीत काड्यापेटी शोधत राहिले. काड्यापेटी हातातच होती. तिनं ओवाळलं, सगळ्यांनी फोटो काढले.

मग ती माझ्याजवळ आली. माझा हात धरला. "अक्का, तुमी बसा आधी. मला लई भ्या वाटतं. तुमी जाऊन आल्या की मला सांगा, कसं काय ते."

मी म्हटलं, "नको बाई. पेपरात फोटो तुझा आला, तूच बस."

ती खाली बघायला लागली. मग म्हणाली, "बरं."

इंद्रजीतनं तिला हात देऊन चढवलं. पदर दारात अडकेल म्हणून तो स्वतः आत घेतला, पट्टा लावला. मी त्याच्या शाळेच्या बुटाच्या नाड्या बांधायची, तसा वाकून. मग स्वतः बसला आणि त्याचं ते नाव घेणं, हात लावणं सुरू झालं. ओठ हलत होते. द्वारका त्याच्याकडे अशी बघत होती की मला तिथं उभं राहवेना. मी निरांजन लावलं आणि पुढं गेले.

"इंद्रजीत, खाली ये. माझं ओवाळायचं राहिलंय."

तो खाली वाकून दोन सीटच्या मधे हात घालत होता. तसाच थांबला. "मोठी आई, फेरी झाल्यावर."

"जायच्या आधी ओवाळतात, आल्यावर नाही. आईचं घेतलंस, माझं नको?"

उतरला. मला माहीतच होतं, उतरेल. वाऱ्यानं दिवा दोनदा विझला, त्यानं टोपीचा आडोसा धरला. मी नाम ओढलं, ओवाळलं, हातात सोनं दिलं. ते पान त्यानं खिशात घातलं, पाया पडला आणि हळूच म्हणाला, "आता खूश?" खरं सांगते, खूश होते. सबंध दिवसात तेवढाच वेळ तो माझा होता. श्रेयानं त्याचा व्हिडिओ काढला.

मागून कोणीतरी ओरडलं, "सर, बाकीच्या फॅमिली थांबल्यात." तो पळत जाऊन बसला. दार लावलं आणि लगेच पंखा फिरला.

विमान छान उठलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हणत होते, आता लवकर खाली ये, माझा नंबर आहे.

आणि आवाज बंद झाला. मला आधी वाटलं, लांब गेलं म्हणून येत नाही. पण विमान तर दिसत होतं. माझ्या शेजारी उभा असलेला स्कूलचा एक मास्तर ओरडायला लागला, "वळू नको, वळू नको, सरळ उतर!" ते वळलं. आमच्याकडेच वळलं. एक पंख खाली गेला आणि ते कापसाच्या रानाआड पडलं. धूरसुद्धा फार नव्हता.

पुढचं लिहवत नाही.

गंगापूरला दोघांचा फोटो एकाच चौकटीत लावलाय, एकच हार. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, मायलेक बरोबरच गेले हो. बायका भावजींच्या बहिणींच्या गळ्यात पडून रडल्या. माझ्याजवळ येऊन म्हणायच्या, "तुमी आता भावजींना सांभाळा." मी पाणी दिलं, भाकऱ्या केल्या, अंथरुणं घातली.

इथं खोटं लिहून काय करू? मला त्या फोटोकडे बघून असं वाटलं की द्वारका, शेवटच्या घटकेलासुद्धा तूच त्याच्याजवळ बसलीस. मला उभं केलंस लोकांत.

निघताना भावजी जीपपर्यंत आले. पुंजाराम भावजी कधी चार शब्द बोलत नाहीत. म्हणाले, "वयनी, ती नेहमी म्हणायची, पोरगं अक्काचं हाय, म्या नुसता जन्म दिला. पेपरवाल्याला तुमचं नाव सांगितलं व्हतं तिनं. त्यानं छापलं नाय."

सगळ्या वाटेवर मी एकच विचार करत होते. मला का नाही कधी सांगितलं तिनं? एकदा सांगितलं असतं तर काय झालं असतं?

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी केली नाही. आकाशकंदील खोक्यातच राहिला.

आज चौकशीचे दोन अधिकारी घरी आले. एक हिंदी बोलणारे, एक आपल्याकडचे, अकोल्याचे. अकोल्याचे सभ्य होते. ह्यांनी विचारलं, नेमकं काय झालं ते तरी सांगा. ते म्हणाले, "काका, स्कूटर होती का तुमच्याकडे? कॉक बंद असला तरी नळीत उरलेल्या पेट्रोलवर थोडी चालते बघा. तसंच झालं. कॉक उघडायचा राहिला. इंजिन वर जाऊन बंद पडलं आणि त्यांनी परत वळायचा प्रयत्न केला. तसं वळायचं नसतं." ह्यांच्या तोंडून नुसतं "कॉक" एवढंच आलं.

म्हणजे कागदावर येणार, वैमानिकाची चूक. मला फार राग आला. मी म्हटलं, "साहेब, तो निष्काळजी नव्हता. घरातून निघताना गॅस दोनदा बघणारं पोर ते. मी वाढवलंय त्याला."

ते म्हणाले, "म्हणूनच विचारतो ताई. असा माणूस विसरतो तेव्हा काहीतरी कारण असतं. इंजिन चालू करायच्या आधी कशानं त्यांचं लक्ष मोडलं का? काही घाईगडबड?"

मी आठवून बघितलं. "नाही. पूजा अगदी व्यवस्थित झाली. सगळं शुभच झालं, कसलं विघ्न नाही."

श्रेया चहा घेऊन आली होती, तिच्या हातून कप सांडला. साहेबांच्या कागदांवरसुद्धा उडाला. मी तिच्यावर खेकसले. ह्यांनी मात्र तिला काही म्हटलं नाही, नुसतं तिच्याकडे बघितलं. ते दोघं हल्ली असेच एकमेकांकडे बघतात आणि मी गेले की गप्प होतात.

साहेबांनी विचारलं, कोणाकडे त्या वेळचा व्हिडिओ आहे का? श्रेया म्हणाली, "माझा मोबाईल तिथं पडला. फुटला."

मोबाईल फुटलेला नाही. काच तडकलीय फक्त.

२ नोव्हेंबर, रविवार

आज तिच्याशी कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, तो ओवाळतानाचा व्हिडिओ मला पाठव. माझ्याकडे त्याचा शेवटचा तेवढाच. द्वारकेचे फोटो गावभर फिरतायत, माझं काहीच नाही.

म्हणाली, "मी उडवला."

"उडवला? का?"

"उडवला, आई."

"साहेबांना दाखवता आला असता. कळलं असतं त्यांना, त्याला वाढवणारी कोण होती ते."

ती रडायला लागली. हे मधे पडले, "जाऊ दे ना. पोरीनं केलं ते बरं केलं." बरं केलं? त्यात तो माझ्या पाया पडतोय. आता खूश, असं विचारतोय. आणि ही सख्खी मुलगी तो पुसून टाकते, आणि बाप म्हणतो बरं केलं!

लहानपणापासून हिला इंद्रजीत खुपायचा. भाकरी आधी त्याला दिली की तोंड वाकडं. मी लक्ष दिलं नाही कधी. आज कळलं, मनात किती साठवून ठेवलं होतं तिनं. मला जळतेस म्हणत होती.

संध्याकाळी ती माझ्या शेजारी येऊन बसली. डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. "आई, तुला कोणी काही विचारलं ना, तर तू गप्प बस. मी सांगीन." मी खांदा काढून घेतला.

९ नोव्हेंबर, रविवार

आज ह्यांनी किती वर्षांनी ती स्कूटर अंगणात काढली. विकायची म्हणाले. एक माणूस बघायला येणार होता, त्याआधी चालतेय का बघू. पेट्रोल घातलं, किक मारून मारून दमले आणि एकदाची चालू झाली. मी दारात उभी होते. स्कूटर फाटकातून बाहेर पडली, पिंपळापर्यंत गेली, वळणाजवळ पोचली आणि बंद पडली.

ह्यांनी खाली वाकून बघितलं. मग ढकलत परत आले. मला वाटलं आता हसतील. मीही तोंडाशी आलेलं बोलणार होते. पण स्कूटर स्टँडवर लावून ते पायरीवर बसले आणि टॉवेलात तोंड घालून रडायला लागले. तेराव्यालासुद्धा असे रडले नव्हते. श्रेया धावत आली, तिनं त्यांना धरलं. दोघंही माझ्याकडे बघेनात.

मी आत आले. देवासमोर ते चांदीचं निरांजन आहे, काळं पडलंय, घासवत नाही.

आज तेच एक डोक्यात फिरतंय. इतकी माणसं होती तिथं, शिकलेली, विमानातलं कळणारी. एकानं तरी त्याला विचारायला हवं होतं. द्वारका तर त्याच्या शेजारी बसली होती, पण तिला बिचारीला काय माहीत! तिनं त्याला रोज सकाळी शाळेत थोडंच पाठवलंय?

पहिली फेरी माझी असती तर मी विचारलं असतं. पट्टा लावून बसल्या बसल्या, सवयीनं, तोंडातून आलंच असतं, कॉक उघडला का रे?